अक्षांवरची अक्षरे

वर्तमानपत्रात एखादा आलेख छापलेला दिसला, की आपली नजर प्रथम रेषेकडे जाते. रेषा चढलेली असली की आपण धास्तावतो, उतरलेली असली की हायसे वाटते. आडव्या आणि उभ्या अक्षांवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, हे वाचण्याची तसदी फारच थोडे जण घेतात. वस्तुतः आलेखाचा अर्थ त्या अक्षरांवरच अवलंबून असतो.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. हवाई नावाच्या बेटावर मौना लोआ हा उंच पर्वत आहे. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने तेथे १९५८ साली हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचे अखंड मोजमाप सुरू केले. १९५९ ची सरासरी सुमारे ३१६ होती; २०२३ ची सुमारे ४२१. पण ३१६ म्हणजे काय? कोरड्या हवेच्या दहा लक्ष रेणूंमध्ये या वायूचे ३१६ रेणू! हे एकक अक्षावर लिहिले नाही, तर तो आकडा मुकाच राहील.

आता हा आलेख आपण १२ सेंटिमीटर उंचीच्या कागदावर काढू. उभ्या अक्षावर खाली ० आणि वर ४८० लिहिले, तर रेषा सुमारे ८ सेंटिमीटरांवरून साडेदहापर्यंत सावकाश चढेल. त्याच अक्षावर खाली ३१० आणि वर ४३० लिहिले, तर ती अर्ध्या सेंटिमीटरावरून थेट ११ सेंटिमीटरांपर्यंत झेपावेल. अक्ष न वाचणाऱ्यास वाटेल, वायू कितीतरी पटींनी वाढला! प्रत्यक्षात वाढ आहे एक-तृतीयांश. ती मुळीच क्षुल्लक नव्हे. पण जेवढी आहे तेवढीच आपल्याला कळली पाहिजे.

मग यांतला खोटा आलेख कोणता? एकही नाही. बारीक चढउतार दाखवायचे असतील, तर शास्त्रज्ञ ३१० पासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. मात्र आरंभाचा आकडा ठळक लिहिला पाहिजे. स्तंभांच्या आलेखात ही सवलत नाही. तेथे स्तंभाची लांबीच बोलत असते. म्हणून त्याचा पाया शून्यावरच हवा.

आडवा अक्षही तितकाच महत्त्वाचा. त्यावर 'वार्षिक सरासरी' असेल, तर रेषा जवळजवळ सरळ दिसते. 'मासिक सरासरी' असेल, तर तीच करवतीसारखी दातेरी होते. उत्तर गोलार्धातील झाडेझुडपे उन्हाळ्यात वायू शोषून घेतात आणि हिवाळ्यात तो पुन्हा वाढतो. सृष्टीचा हा श्वासोच्छ्वासच त्या दात्यांत उमटलेला असतो.

२०२० साली करोनाच्या साथीत अनेक आलेखांच्या उभ्या अक्षावर १०, १००, १०००, १०,००० असे आकडे सारख्या अंतरावर होते. तेथे रेषा एक घर चढली, की रुग्ण दसपट झालेले असत. हे ध्यानात न आल्याने साथ मंदावली, असा पुष्कळांचा समज झाला असेल.

तेव्हा आलेख काढणाऱ्याने अक्षावर चार गोष्टी लिहाव्यात: काय मोजले, कोणत्या एककात, कोठून आरंभ केला आणि प्रत्येक घर कितीचे. आणि वाचणाऱ्याने? रेषेवर क्षणभर हात ठेवून आधी ही चार उत्तरे शोधावीत. मग खुशाल हात काढावा.