दहावीनंतर कोणतं दार खरंच बंद होतं?

दहावीचा निकाल लागला की घरात सल्ल्यांची रीघ लागते. काका म्हणतात, सायन्स घे, पुढे काहीही करता येतं. मावशी म्हणते, गणित सोडलंस तर सीए विसर. हे सल्ले मायेपोटी दिलेले असतात, पण बरेचसे ऐकीव असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना अशा सल्ल्यांच्या भरवशावर पुढची वाट ठरवावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. कारण खरी उत्तरं कुणी लपवून ठेवलेली नाहीत. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत ‘पात्रता’ नावाचा भाग असतो आणि तो वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. सर्वांत जास्त ऐकू येणारे सहा समज त्या नियमांशी ताडून पाहू.

गैरसमज 1 : आर्ट्स किंवा कॉमर्स घेतलं की मोठी क्षेत्रं बंद होतात.

वस्तुस्थिती : यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा कोणत्याही शाखेचा पदवीधर देऊ शकतो आणि पदवीला अमुक टक्के हवेत अशी अटही नाही. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला शाखेची अट नाही. राज्याच्या विधी सीईटीसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत 45 टक्के लागतात. सीए फाउंडेशनला कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी बसू शकतो. अकरावीत गणित सोडलेलं असलं तरी चालतं. मात्र फाउंडेशनच्या एका पेपरमध्ये व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र असतं, त्याची तयारी करावीच लागते. एनआयडी आणि निफ्टचे डिझाइनचे पदवी अभ्यासक्रम, तसंच आयआयटीच्या बी.डेससाठीची यूसीड परीक्षा तिन्ही शाखांना खुली आहे. फक्त निफ्टचा बी.एफ.टेक. हा तांत्रिक अभ्यासक्रम गणित-भौतिकशास्त्र मागतो.

सैन्यात जायचं असेल तर एनडीएचे नियम नीट पाहा. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. लेखी परीक्षेत गणिताचा 300 गुणांचा पेपर मात्र सगळ्यांनाच असतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ही परीक्षा मुलींनाही खुली झाली आणि 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली.

गैरसमज 2 : सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात.

वस्तुस्थिती : हे अर्धंच खरं आहे. सायन्समधून इतर शाखांकडे वळता येतं, हे बरोबर. पण सायन्समध्येही कोणते विषय घेतले यावर बरंच अवलंबून असतं. इंजिनीअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, नीटला जीवशास्त्र. शिवाय प्रवेश परीक्षा चांगली गेली म्हणजे झालं असंही नाही. इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीत संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान 45 आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. केवळ क्लासच्या जोरावर बारावी दुर्लक्षित करणारी मुलं इथे अडतात.

आवड नसताना सायन्स घेऊन दोन वर्षं रेटली आणि बारावीला कसेबसे गुण पडले, तर उघडी राहतील म्हणून ठेवलेली दारंच दूर जातात. आणि जे दार बंद झालंय असं वाटतं, ते कधीकधी पुन्हा उघडता येतं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. कॉमर्सचा विद्यार्थी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतर उत्तीर्ण होऊन पात्र ठरू शकतो.

खरी कडक अट बहुधा वयाची असते. एनडीएसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच खिडकी आहे. छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून मुलांना एनडीएसाठी घडवणारी शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, तिच्यासाठी दहावीत असतानाच अर्ज करावा लागतो. शाखा बदलता येते, उलटून गेलेलं वय परत येत नाही. म्हणून तारखा आधी पाहा.

गैरसमज 3 : आयटीआय आणि डिप्लोमा कमी मार्कवाल्यांसाठी, तिथे गेलं की शिक्षण संपलं.

वस्तुस्थिती : या समजाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. साधा हिशेब मांडू. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनीअरिंगची चार, एकूण सहा वर्षं. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनीअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आणि तिथली तीन वर्षं, एकूण तीही सहाच. या दुसऱ्या वाटेवर सीईटी नाही, प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो. शिवाय मध्येच घरची अडचण आली तर हातात डिप्लोमा असतो आणि त्यावर नोकरी मिळू शकते.

आयटीआयचंही तसंच. फिटर, इलेक्ट्रिशियनसारखे ट्रेड दोन वर्षांचे असतात, वेल्डर एका वर्षाचा. राज्यात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येतं. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. म्हणजे आयटीआयची दोन, डिप्लोमाची दोन आणि पदवीची तीन मिळून सात वर्षं. बारावीच्या वाटेपेक्षा फक्त एक वर्ष जास्त, आणि हातात कसब आधीच आलेलं.

गैरसमज 4 : आवड आतून आपोआप कळते, कळली नाही तर आपल्यातच काही कमी आहे.

वस्तुस्थिती : ‘तुझी आवड काय?’ या प्रश्नाला उत्तर नसलं की मुलं खजील होतात. त्याची गरज नाही. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये याच प्रश्नावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. आवड जन्मजात ठरलेली असते असं मानणारे विद्यार्थी नव्या विषयात अडचण येताच लवकर मागे सरले. आवड हळूहळू वाढवता येते असं मानणारे जास्त टिकले.

म्हणून कलचाचणीच्या अहवालाला कौल समजू नका. तो एका दिवशीच्या उत्तरांवरून मिळालेला इशारा असतो. एखादं काम प्रत्यक्ष करून पाहा. सुट्टीत ओळखीच्या गॅरेजमध्ये, रोपवाटिकेत, वकिलांच्या ऑफिसात किंवा छापखान्यात काही दिवस बसा. त्या कामातला कंटाळवाणा भागही करावासा वाटला, तर ती खूण मोलाची आहे.

गैरसमज 5 : आवड आणि पोट यांतलं एकच निवडावं लागतं.

वस्तुस्थिती : कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रेल्वेच्या पगाराने त्याच्या खेळाला आधार दिला. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. वैद्यकी सांभाळत ते नाटक करत राहिले आणि 1969 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पूर्णवेळ नट झाले. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आहेत आणि ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शकही. आवडीला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ मिळवून देणारं उत्पन्न तिचा शत्रू नसतं.

गैरसमज 6 : नापास झालं की वर्ष गेलं.

वस्तुस्थिती : राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होते, पुढच्या मार्चची वाट पाहावी लागत नाही. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. ते विषय बारावीला जाण्याआधी सोडवावे लागतात. पुढे नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून त्यासाठीच उभं आहे.

मुलांनो, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तुम्हाला हव्याशा वाटणाऱ्या तीन अभ्यासक्रमांची पात्रता स्वतः वाचा. विषय, टक्के, वयाची अट आणि शेवटची तारीख वहीत लिहून काढा. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचीच पुस्तिका घ्या. पालकांनो, ती वही मुलांसोबत बसून पाहा आणि ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवा. निर्णय मुलांना जगायचा आहे, तो त्यांना माहिती घेऊन करू द्या.