पाण्याने ओढलेलं जातं

आमच्या सातारा-सांगलीकडे कृष्णाकाठच्या विहिरीचं पाणी रानात न्यायचं तर बैल मोट ओढायचे आणि भाकरीसाठी पीठ हवं तर बायका पहाटे जातं ओढायच्या. छत्रपती संभाजीनगरात, खाम नदीच्या काठी, हे दुसरं काम पाण्यानेच अंगावर घेतलं. ती ही पाणचक्की; तिथले लोक तिला पनचक्की म्हणतात.

बुखाऱ्याकडून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा इथे आहे. शिष्य, फकीर, यात्रेकरू यांचा राबता मोठा असे. इतक्यांचं दळण हाताने कोण दळणार? निजाम आसफजाहाच्या पदरच्या एका सरदाराने १७४४ मध्ये त्यासाठी पाणी आणलं.

पाणी नदीतून उचललेलं नाही. हर्सूलकडच्या एका विहिरीपासून खापरी नळ जमिनीखालून आणले आहेत. बंद नळातलं पाणी उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढू पाहतं. उगम उंचावर असल्यामुळे ते पनचक्कीजवळच्या उंच भिंतीच्या माथ्यावर आपसूक पोचतं. तिथून कोसळतं, आणि त्या कोसळण्यातच सगळी ताकद आहे.

घरच्या जात्याची खालची तळी स्थिर असते, वरचा दगड फिरतो. इथेही तेच. फरक इतकाच की खुंटा धरायला हात नाही. जात्याच्या खाली आडवं, पात्यांचं चाक बसवलेलं आहे. पाण्याचा मारा पात्यांवर बसला की चाक फिरतं, त्याचा उभा आस तळीच्या भोकातून वर येतो आणि वरच्या दगडाला फिरवतो. माणसाने फक्त वैरण घालायची, कडेने पडणारं पीठ भरायचं आणि दगड गुळगुळीत झाले की टाकी लावायची.

पाण्याचा उपयोग दळणापुरताच नाही. दर्ग्याच्या आवारातल्या मशिदीसमोरचा लांबट हौद आणि कारंजी त्यानंतर वीसेक वर्षांनी जमील बेग खान याने बांधली. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत! वर पाणी साठलेलं असल्याने उन्हाळ्यातही दालन गार राहतं. थकून आलेल्या यात्रेकरूला तिथे पाठ टेकता येई.

मला या रचनेतलं हेच मोलाचं वाटतं. दारी आलेल्या भुकेल्याला भाकरी मिळावी आणि त्यासाठी कुणाला पहाटे उठून जात्याला बसावं लागू नये, एवढा विचार त्या खापरी नळांतून वाहत आला आहे.