वक्त्यासमोरचा दुसरा पडदा

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आज मला ज्या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले आहे, तो वरकरणी धार्मिक नाही आणि वाङ्मयीनही नाही. परिषदेत वक्ता बोलत असता त्याच्या पाठीमागच्या पडद्यावर चित्रे, आकडे व मुद्दे दिसत असतात. ते वेळेवर, योग्य क्रमाने आणि निर्विघ्न दिसावेत यासाठी काय करावे लागते, एवढाच हा विषय आहे. माझा चरितार्थ गेली अनेक वर्षे याच कामावर चालत आला आहे. आपल्याकडेही आता स्मृतिसभा असो, समाजाच्या इतिहासावरील व्याख्यान असो की लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असो, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आलेच. ते यंत्र हाताळणारा बहुधा घरातलाच कुणी तरुण असतो आणि बोलणारे त्याचे आजोबा असतात. त्या दोघांसाठी मी आज बोलणार आहे.

मी ज्या ठिकाणी हे काम शिकलो, ते म्हणजे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क. नावात 'पार्क' असले तरी ती बाग नव्हे. १९९७ साली स्थापन झालेली, जेबेल अलीच्या जवळ सुमारे २,३०० हेक्टरांवर पसरलेली ती एक औद्योगिक व निवासी वसाहत आहे. कारखाने, गोदामे, कामगारांची निवासस्थाने, शाळा, हॉटेले हे सारे तेथे एकमेकांच्या शेजारी नांदते. एक्स्पो २०२० हे जागतिक प्रदर्शन साथीमुळे पुढे ढकलले जाऊन ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात भरले, त्याचे आवारही तेथून जवळच आहे. अशा वसाहतीत भरणाऱ्या परिषदा भपकेबाज नसतात. कारखान्यातील सुरक्षितता, नव्या यंत्राची माहिती, विक्रेत्यांचा मेळावा असे त्यांचे विषय असतात. बोलणारा पुष्कळदा अनुभवी अभियंता किंवा पर्यवेक्षक असतो. त्याला आपला विषय उत्तम ठाऊक असतो, पण व्यासपीठाची सवय नसते. त्याची सारी मदार पडद्यावर असते.

पॉवरपॉइंट हे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. १९८७ साली फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने ते मॅकिन्टॉश संगणकासाठी बाजारात आणले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. आरंभी त्याचा उपयोग पारदर्शक पत्रे तयार करण्यापुरता होता. ते पत्रे दिव्याच्या यंत्रावर ठेवून भिंतीवर प्रतिमा पाडीत. त्या काळी वक्त्याची टिपणे त्याच्या हातात कागदावर असत आणि श्रोत्यांसाठीचे चित्र भिंतीवर असे. दोन्ही आपोआपच वेगळी राहत. पुढे संगणक थेट प्रोजेक्टरला जोडला जाऊ लागला, तेव्हा मात्र संगणकावर जे दिसते तेच भिंतीवर दिसू लागले. मग टिपणे कुठे ठेवावीत? पुष्कळांनी ती स्लाइडवरच लिहिली, आणि श्रोत्यांकडे पाठ करून ती वाचू लागले. हा दोष आजही सर्वत्र दिसतो.

त्यावरचा उपाय म्हणजे दुसरा पडदा. तो समजावून सांगताना मी आपल्याच तेबाचे उदाहरण घेतो. सेफेर तोरामध्ये केवळ व्यंजने लिहिलेली असतात, स्वरचिन्हे नसतात आणि गायनाची चिन्हेही नसतात. वाचणारा ती सारी छापील पुस्तकावरून आधी पाठ करून येतो. वाचन चालू असता त्याच्या शेजारी कुणीतरी छापील हुम्माश उघडून उभा असतो. त्यात स्वरही असतात आणि चिन्हेही असतात. वाचक अडखळला तर ती व्यक्ती हलक्या आवाजात शब्द सांगते. मंडळी गुंडाळीतले वाचन ऐकतात, तर शेजारच्याच्या हातातले पुस्तक हा वाचकाचा आधार असतो. परिषदेतही हेच साधायचे असते. श्रोत्यांना स्वच्छ स्लाइड दिसावी, आणि वक्त्याला तीच स्लाइड, पुढे येणारी स्लाइड, स्वतःची टिपणे व घड्याळ दिसावे. पॉवरपॉइंटमध्ये या व्यवस्थेला 'प्रेझेंटर व्ह्यू' म्हणतात. लिब्रेऑफिस या विनामूल्य संचातही अशीच सोय आहे.

हे साधण्यासाठी संगणकाला एक गोष्ट सांगावी लागते. विंडोजच्या संगणकावर विंडोजची कळ आणि पी ही कळ एकदम दाबली की चार पर्याय दिसतात. केवळ संगणकाचा पडदा, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि केवळ दुसरा पडदा, असे ते चार आहेत. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच दृश्य. 'एक्स्टेंड' म्हणजे दोन्ही पडदे मिळून एक लांब मेज, ज्याची एक बाजू वक्त्याकडे व दुसरी श्रोत्यांकडे असते. आपल्याला 'एक्स्टेंड' हवे. घाईत बहुतेक जण 'डुप्लिकेट'वरच थांबतात, कारण प्रोजेक्टरवर चित्र आले की काम झाले असे वाटते.

'एक्स्टेंड' निवडूनही एक धोका उरतो, आणि तो मी स्वतः ओढवून घेतला आहे. वसाहतीतील एका हॉटेलच्या सभागृहात अग्निसुरक्षेवर परिषद होती. पुण्याकडचे एक निवृत्त अभियंते बोलणार होते. सकाळी मी माझ्या लॅपटॉपवर सारी तपासणी केली होती. आयत्या वेळी ते म्हणाले की आपल्या स्लाइडमध्ये एक चित्रफीत आहे, ती आपल्याच लॅपटॉपवर नीट चालते, तेव्हा तोच जोडावा. मी जोडला, चित्र आले, आणि मी सभागृहाच्या मागच्या टोकाला माझ्या जागेवर गेलो. त्यांनी सादरीकरण सुरू केले मात्र, दोन्ही पडद्यांची अदलाबदल झाली. स्वच्छ स्लाइड त्यांच्यासमोरच्या लॅपटॉपवर गेली आणि टिपणे भिंतीएवढ्या पडद्यावर आली. ज्यांना ती हवी होती त्यांनाच ती दिसेनात, बाकी सर्वांना दिसत होती. टिपणाच्या तळाशी त्यांनी स्वतःसाठी लिहिले होते की घाई करू नये, आणि हात कापू लागल्यास टेबल धरावे.

कुणीतरी हसले. मग सारे सभागृह गप्प झाले, आणि ती शांतता अधिक वाईट होती. पडदा काळा करण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते. मी धावत जाऊन तार उपटली, पण तोवर त्यांनी मागे वळून पाहिले होते. त्यांनी टेबल धरले आणि उरलेले भाषण स्मरणातून पूर्ण केले. संपल्यावर मी क्षमा मागायला गेलो. ते म्हणाले, "झालं ते झालं. पुढच्या माणसाचं तेवढं आधी तपासून घ्या."

चारचौघांत माणसाला लाजविणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, असा विचार तालमूदच्या बावा मेत्सिया या भागात मांडलेला आहे. लाजणाऱ्याच्या चेहऱ्यावरची लाली जाऊन तो पांढरा पडतो, असे तेथे निरीक्षण आहे. ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. माझा हेतू वाईट नव्हता, पण हेतू चांगला असून भागत नाही. तेव्हापासून मी जे नियम पाळतो, ते आता सांगतो.

पहिला नियम असा की ज्या यंत्रावर भाषण होणार, त्याच यंत्रावर, त्याच तारेने, त्याच पडद्यावर तपासणी करावी. यंत्र बदलले की आधीची तपासणी रद्द समजावी. सादरीकरण प्रत्यक्ष सुरू करून पाहावे आणि एकाने श्रोत्यांच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघावे. अदलाबदल झाली असेल तर 'प्रेझेंटर व्ह्यू'मध्येच पडदे उलटविण्याचा पर्याय असतो, तो वापरावा. घरी प्रोजेक्टर नसला तरी ऑल्ट आणि एफ-५ या कळा दाबून ही व्यवस्था एकाच पडद्यावर पाहता येते. आजोबांना आदल्या दिवशी तिची सवय करून द्यावी व टिपणांची अक्षरे मोठी करून ठेवावीत.

दुसरा नियम पडदा झाकण्याचा. सादरीकरण चालू असता बी ही कळ दाबली की पडदा काळा होतो व पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. वक्ता एखादी आठवण सांगत असेल आणि लोकांनी त्याच्याकडेच पाहावे असे वाटत असेल, तेव्हाही ही कळ उपयोगी पडते. मात्र पडदे उलटले असतील तर तिच्यावर विसंबता येत नाही, कारण ती फक्त स्लाइड काळी करते. मोठ्या सभागृहात आम्ही संगणक व प्रोजेक्टर यांच्यामध्ये एक स्विचर ठेवतो. त्याला दोन लॅपटॉप जोडलेले असतात आणि दोन्हींत तेच सादरीकरण असते. एक अडला की दुसऱ्याचे चित्र क्षणात पुढे येते. काळा पडदाही तेथूनच देता येतो. घरगुती समारंभात प्रोजेक्टरच्या रिमोटवर चित्र झाकण्याची कळ आहे का, ते आधी पाहून ठेवावे. नसेल तर भिंगासमोर धरायला एक जाड पुठ्ठासुद्धा पुरतो.

तिसरा नियम खासगीपणाचा. ईमेल, व्हॉट्सॲप आणि सर्व सूचना भाषणापूर्वी बंद कराव्यात. लॅपटॉप झोपी जाण्याची सोय बंद करावी आणि तो विजेला जोडलेला ठेवावा. भारतातून दुबईस जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे की तेथील भिंतीत ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पायांचा प्लग लागतो. आपला गोल पायांचा प्लग तेथे बसत नाही.

चौथा नियम आपल्या लोकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपण मराठी व हिब्रू एकाच स्लाइडवर लिहितो. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन दिसतो. म्हणून युनिकोडमध्येच लिहावे. विंडोजमध्ये मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट असतातच. जतन करताना फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा व जोडीला एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्याने मराठी ओळीत ती मिसळली की अंक आणि विरामचिन्हे जागा सोडून पळतात. दोन्ही लिप्या वेगवेगळ्या चौकटींत ठेवल्या की हा त्रास टळतो. स्वरचिन्हे असलेला हिब्रू मजकूर एकदा मोठ्या पडद्यावर वाचून पाहावा, कारण काही फॉन्टमध्ये ती चिन्हे अक्षराखालून सरकतात. एखाद्या दिवंगताचे हिब्रू नाव चुकीचे दिसले तर त्याच्या मुलांना काय वाटेल, याचा विचार करावा.

तारांविषयी एकच सांगतो. साधी एचडीएमआय तार दहा-पंधरा मीटरांपलीकडे भरवशाची राहत नाही. चित्र लुकलुकू लागले तर प्रथम तारेवर संशय घ्यावा. लांब अंतरासाठी नेटवर्कच्या तारेवरून चित्र नेणारी जोडयंत्रे मिळतात, ती सुमारे शंभर मीटरांपर्यंत चालतात. आवाजही तपासावा. एचडीएमआय जोडली की पुष्कळदा आवाज प्रोजेक्टरच्या बारीक कर्ण्यातून येतो, सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेतून येत नाही.

आणि दूरदेशीचे नातलग झूमवर असतील, तर पडदा दाखविताना संपूर्ण पडदा न निवडता सादरीकरणाची खिडकी तेवढी निवडावी. अन्यथा वक्त्याची टिपणे सभागृहात दिसली नाहीत, तरी लोदपासून अश्दोदपर्यंत वाचली जातील.

एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी बायबलमधील चरित्रांवर मराठीत कीर्तने रचली आणि केली. कीर्तनकार मंडळींकडे तोंड करून उभा राही आणि साथीदार त्याच्या मागे असत. तो कुठे थांबणार, कुठे ताल बदलणार, हे त्यांना आधी ठाऊक असे. लॅपटॉपजवळ बसणाऱ्या तरुणांनी स्वतःला त्या साथीदारांपैकी एक मानावे. भाषणाची एक प्रत आधी मागून घ्यावी, ती वाचावी, आणि वक्त्याबरोबर निदान एकदा संपूर्ण तालीम करावी. अर्धा तास लागतो, तो द्यावा.

त्या अभियंत्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक परिषदेत मी दारे उघडण्यापूर्वी श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो आणि पडद्यावर काय दिसते ते वाचतो. आज आपण येण्यापूर्वीही मी त्या मागच्या खुर्चीवर बसलो होतो.

 कार्यक्रमानंतर ज्या तरुणांना ही जोडणी स्वतः करून पाहायची असेल, त्यांनी पुढे यावे. यंत्र मी अजून आवरलेले नाही.

शालोम.