भैरव, मल्हार की डग्गा?

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या घरी एक कुत्रा होता. त्याचं नाव टिपूमियाँ. खाँसाहेबांनी त्याला सूर लावायला शिकवलं होतं. ते गाऊ लागले की टिपूमियाँही आवाज लावायचा आणि हे त्याचं ‘गाणं’ त्यांनी लोकांपुढेही करून दाखवलं. ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल, पण करणारा माणूस कोण होता ते पाहा. १८७२ साली कैरान्यात जन्मलेले, मिरजेत स्थिरावलेले आणि १९३७ मध्ये मिरजेच्याच ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेले, किराणा घराण्याचे हे उस्ताद सुराला केसभरही इकडेतिकडे होऊ देत नसत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, तेव्हा त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली होती. देवलांचं पुस्तक १९१० सालचं. श्रुतीश्रुतीतला फरक मोजायला ज्याचा गळा चालतो, त्या माणसाला कुत्र्याच्या आवाजात काहीतरी कामाचं ऐकू आलं असणार.

ते काय, याचं उत्तर आवाजाच्या घडणीत आहे. भुंकणं हा तुटक, खरखरीत धक्का असतो. त्यात एक ठाम सूर शोधणं कठीण. कुत्रं मान वर करून, ओठ गोल करून जो लांब हेल काढतं तो मात्र खरोखर सूर असतो. एक मूळ कंपन, त्याच्या पटीतली वरची कंपनं आणि सगळं काही सेकंद टिकून. आपल्याकडे त्याला ‘कुत्रं रडतंय’ म्हणतात, अपशकुन मानतात आणि दगड भिरकावतात. खाँसाहेबांनी त्याच आवाजाला तंबोऱ्याशेजारी जागा दिली. हा हेल लांडग्यांकडून आलेला वारसा आहे. लांडग्यांचा कळप एकत्र आवाज काढतो, तेव्हा दोघे एकाच सुरावर आले की एकजण आपला सूर बदलतो, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. मग चार जनावरं आठ-दहा असल्यासारखी वाटतात. म्हणजे दुसऱ्याचा सूर कुठे आहे हे त्यांना ऐकू येतं आणि आपला हलवताही येतो. सनईबरोबर किंवा आरतीच्या घंटेबरोबर गल्लीतलं कुत्रं गळा काढतं, त्यामागेही हीच जुनी खोड असावी.

हे सगळं आठवण्याचं कारण एक साधा प्रश्न. जत-आटपाडीकडून किंवा माण-खटावातून कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंय. आज ते हातभर आहे, पण वर्षभरात पाठ मांडीच्या वर जाईल. घरात गाण्याची आवड आहे, म्हणून नाव गाण्यातलं हवं. कुठलं ठेवावं?

मोठ्या कुत्र्याला खर्जातलं काहीतरी शोभेल, असं पहिल्यांदा मनात येतं. ते चूक नाही. शरीर मोठं तशी स्वरयंत्राच्या वरची पोकळी लांब आणि गुरगुर खोल. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये कुत्र्यांना ध्वनिमुद्रित गुरगुर ऐकवली आणि समोर एकाच कुत्र्याची लहान-मोठी चित्रं ठेवली. आवाज ज्या आकाराच्या कुत्र्याचा होता, त्या आकाराच्या चित्राकडे ती अधिक पाहत राहिली. न पाहिलेल्या कुत्र्याचा आकार ती कानाने जोखतात! अंधारात कुंपणापलीकडे कोण आहे, आपल्याएवढा की दुप्पट, हे त्यांना कळलेलं असतं.

पण खोल आवाजाच्या कुत्र्याचा कानही खोल असतो का? इथे माझी समजूत उलटीपालटी झाली. संशोधक हेफनर यांनी १९८३ मध्ये चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंत लहानमोठ्या कुत्र्यांची श्रवणशक्ती मोजली. डोकं केवढं, कानाचा पडदा केवढा, याचा ऐकण्याच्या पल्ल्याशी काही संबंध निघाला नाही. साधारण ६७ हर्ट्झपासून ४५,००० हर्ट्झपर्यंत सगळ्यांचा पल्ला जवळजवळ सारखा. आपला २० ते २०,०००. म्हणजे वर कुत्रं आपल्या दुपटीहून पुढे जातं, पण खाली ते आपल्याआधी थांबतं.

आता मिरजेचा तंबोरा घ्या. तंतुवाद्यं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांची ही पेठ दीडशेहून जास्त वर्षांची; मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. एखादा पुरुष गायक काळी एकमध्ये गातो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर लागते. कुत्र्याच्या ऐकण्याचा उंबरठा ६७! ज्या खर्जावर आपण डोळे मिटतो, तो तारेचा मूळ सूर पायाशी बसलेल्या कुत्र्याला जेमतेम पोचतो. त्याला मिळते ती वरची झळाळी. घोडीवरच्या दोऱ्यामुळे जवारी खुलते आणि एका तारेतून सुरांचा थवा उठतो, तो त्याच्या कानाच्या हक्काच्या प्रदेशात शिरतो, कारण कुत्र्याचा कान सर्वात तीक्ष्ण असतो तो ८,००० हर्ट्झच्या आसपास. एकाच खोलीत, एकाच तंबोऱ्यापाशी, दोघेजण दोन वेगळे तंबोरे ऐकत असतात. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज बारीक आणि उंच होता. टिपूमियाँच्या दृष्टीने हे सोयीचंच म्हणायचं.

म्हणून नाव निवडताना त्याचा अर्थ खर्जातला असला तरी चालेल, उच्चार मात्र कानाला धार देणारा हवा. ‘खर्ज’ हेच नाव ठेवून पाहा. अर्थ लाखमोलाचा, पण शेताच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारली की शेवटचा जोडाक्षरी तुकडा वाऱ्यावर जातो आणि उरतं नुसतं ‘खऽऽ’, जणू कुणाला तरी ठसका लागलाय. ‘षड्ज’ तर विचारूच नका. ट, ड, क, ग अशी अक्षरं उच्चारताना तोंडात अडलेली हवा एकदम सुटते आणि तिच्यात उंच कंपनांचा बारीक स्फोट असतो. शेवटी ‘आ’ असला की हाक लांबवता येते. या मापाने मला एक नाव फार आवडतं, डग्गा. तबल्याच्या जोडीतला हा धाकटा नव्हेच, थोरला भाऊ. पोट मोठं, आवाज घुमारेदार, स्वभाव गंभीर. उच्चारात दोन ठोके, मध्ये दाबून धरलेला ‘ग्ग’, शेवटी मोकळा ‘आ’. थोराड कारवानीला याहून नेमकं नाव सापडणं कठीण.

हाक कशी मारता, यावरही बरंच आहे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी १९९० मध्ये पिल्लांवर शिट्ट्यांचे प्रयोग केले. छोटे, तुटक, चढत जाणारे सूर एकामागून एक दिले की पिल्लं हलतात, जवळ येतात. एकच लांब, उतरता सूर दिला की हा परिणाम ओसरतो. मेंढपाळ, घोडेवाले, बैल हाकणारे अशा जगभरच्या माणसांच्या हाका त्यांनी आधी गोळा केल्या होत्या, आणि त्यांतही हेच सापडलं होतं. आपल्या मोटेवरच्या आणि नांगरावरच्या हाका ज्याच्या कानात आहेत, त्याला हे नवीन वाटणार नाही. तेव्हा मोठ्या कुत्र्याच्या नावाला दोन्ही चाली झेपायला हव्यात. ‘डग्गा, डग्गा, डग्गा!’ म्हणजे ये. ‘डग्गाऽऽ’ खाली उतरवत म्हणजे थांब. एवढं मोठं जनावर पाहुण्यांच्या अंगावर झेपावत असताना ही दुसरी चाल फार उपयोगी पडते.

गर्दीत नाव कळतं का, हाही प्रश्न मेरीलँड विद्यापीठात तपासला गेला. अनोळखी आवाजात हाक आणि मागे माणसांच्या बोलण्याचा गलका. गलका हाकेइतकाच मोठा असतानाही कुत्र्यांनी आपलं नाव वेगळं काढलं. निष्कर्ष २०१९ चा. गलका हाकेहून मोठा झाला तेव्हा ती चुकली. जत्रेत घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

एवढं शास्त्र झाल्यावर नावाच्या शोधात साताऱ्याला जायलाच हवं. सांगली जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला तोच मुळी ‘दक्षिण सातारा’ या नावाने. सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. दोन्हींतून कृष्णा वाहते. तिच्या नि वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. महाराजांनी त्याला सनद देऊन जहागीर लावून दिली आणि पालखीचा मान दिला, हे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही लिहून ठेवलंय. तोच सांगतो की एकदा दरबारात महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रं नि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली होती. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले. खंड्या मात्र अजून माहुलीत आहे.

खंड्या म्हणजे खंडोबाच्या नावाचा. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच. देवाचे वाघे कुत्र्यासारखे भुंकून सेवाही करतात. कऱ्हाडजवळच्या पालीच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळा झालेला माणूस आणि तसंच पिवळं झालेलं कुत्रं, दोघेही त्याचेच. आणि या देवाची दुसरी नावं कोणती? मल्हार. मार्तंड भैरव. इथे गाण्याची वही उघडा. मल्हार हा पावसाचा राग, भैरव हा पहाटेचा. काळभैरवाचं वाहनच कुत्रा! गाण्यातलं नाव शोधायला निघालो, तर राग, देव आणि कुत्रं तिघेही एकाच पंगतीत बसलेले सापडले. कोमल रिषभ आणि कोमल धैवत आंदोलित करत उभा राहणारा भैरव अंगानेही भारदस्त आहे. दारात बसलेल्या मोठ्या कुत्र्याला तो जसा शोभतो तसा केदार शोभणार नाही. शिवाय केदार नावाचा मुलगा शेजारी असण्याची शक्यता या भागात दांडगी, आणि ‘केदार, खाली बस!’ ही आरोळी रोज ऐकणं त्याच्या आईला आवडणार नाही.

एक अडचण राहतेच. सातारा-सांगलीत कुठलंही नाव आठवडाभराच्या वर अखंड टिकत नाही. खंडोबाचा खंड्या झाला, तिथे तुमच्या रागदारीची काय कथा? मल्हारचा मल्ह्या होतो, भैरवचा भैऱ्या, डग्ग्याला तर फार लांब जावंच लागत नाही. मला यात बिघाड दिसत नाही. ‘ऱ्या’ आणि ‘ग्ग्या’ शेवटी पुन्हा ‘आ’वरच येतात, म्हणजे लांबवायला मोकळे. गावाने ध्वनिशास्त्र न वाचताच दुरुस्ती करून ठेवलीय. नाव पक्कं करण्याआधी ते असं मोडून पाहावं. तानसेनचा तान्या होतो, तेव्हा तो बाद. मारव्याचा आणखी काही होत नाही, पण मारवा सायंकाळी जीव टांगणीला लावतो. जेवणाची वाट पाहणाऱ्या कुत्र्याला ते नाव देणं मात्र अगदी न्यायाचं होईल.

मादी असेल तर मी भैरवीपाशी थांबेन. मैफलीत भैरवी झाली की लोक चपला शोधू लागतात. घरातली भैरवी मात्र तेव्हाच उठून फाटकापर्यंत सोडायला येईल. हवं तर नाव ठेवायच्या दिवशी खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवीतली ध्वनिमुद्रिका लावा, आणि पिल्लू मान वर करून सूर लावतंय का ते बघा. लावलाच, तर ओरडू नका.