चित्रपटातील दलित: चित्रण आणि निर्मिती

धार आणि देवास या दोन्ही गावांपासून महू फारसे दूर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी तेथेच झाला. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, आपण त्यांच्या समाजाच्या प्रश्नाचे अभ्यासक असल्याचे कळविले होते. या दोन समाजांचे नाते चित्रपटाच्या क्षेत्रातही तपासण्याजोगे आहे.

'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) या चित्रपटात कृष्णवर्णीयांच्या प्रमुख भूमिका चेहरा काळा रंगविलेल्या गोऱ्या नटांनी केल्या होत्या. 'एनएएसीपी' या संघटनेने त्याविरुद्ध निदर्शने केली. १९४० साली हॅटी मॅक्डॅनियल यांना ऑस्कर मिळाले, तेही मोलकरणीच्या भूमिकेसाठी. आणि त्या समारंभात त्यांना वेगळ्या टेबलावर बसविण्यात आले! तेव्हापासून तेथील मागणी दुहेरी राहिली: चित्रण सन्मानाचे हवे, आणि लेखन-दिग्दर्शनातही वाटा हवा.

आपल्याकडे 'अछूत कन्या' (१९३६) आला. हेतू उदात्त होता; पण नायिका होत्या रवींद्रनाथांच्या कुळातील देविका राणी. दलित नायिका सोशिक आणि दयेला पात्र असावी, हा साचा तेथूनच रूढ झाला असे मला वाटते.

१९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली. तिचे नावच अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले होते. साहित्यात तिच्या पिढीने क्रांती घडविली. चित्रपटात मात्र ती घडली नाही. कारण उघड आहे. कवितेला कागद-पेन्सिल पुरते. चित्रपटाला भांडवल, वितरक आणि चित्रपटगृहे लागतात.

म्हणूनच नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे (२०१३) महत्त्व वेगळे. दिग्दर्शक त्या अनुभवातून आलेला, आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातील खेड्यातला मुलगा. मारलेले डुक्कर खांद्यावरून नेले जाते, आणि मागच्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रे दिसतात. येथे कोणी भाषण करीत नाही. करुणेची याचनाही नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाकडे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली, तीही नटाचा आव न आणता.

'सैराट'ने (२०१६) तर तिकीटबारीचा आक्षेपही निकालात काढला. असे चित्रपट चालत नाहीत, ही सबब आता निर्मात्यांना सांगता येणार नाही.