शिकता शिकता मिळकत

पदवीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत एकच बोलणे निघते. मुलीला किंवा मुलाला पुढे शिकावयाचे असते. वडील शेताचे उत्पन्न आणि धाकट्यांच्या शाळेचा खर्च मनात मांडून गप्प बसतात, आणि अखेर 'आता पुरे, कोठेतरी नोकरी पाहा' असे ठरते. तसे ठरविण्यापूर्वी आईबापांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, अशी आमची विनंती आहे. विद्यापीठात फी भरावी लागते हे खरे. परंतु तेथे विद्यार्थ्याला मोबदला देणारी कामेही असतात.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्याचा धडा गोरगरिबांच्या मुलांना दिला. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्याच विचाराची 'कमवा व शिका' योजना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात व पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चालते. विद्यार्थी रोज काही तास नेमून दिलेले काम करतो आणि तासांप्रमाणे पैसे घेतो. ग्रंथालयातील पुस्तकांवरची धूळ झटकण्यात कमीपणा मुळीच नाही.

पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी संशोधनाची कामे असतात. प्राध्यापकांना सरकारी खात्यांकडून प्रकल्पासाठी निधी मिळतो व त्यातून ते सहायक नेमतात. मात्र प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. गोव्यातील मुलांना ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठाप्रमाणेच दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवता येईल. याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाची 'नेट' परीक्षा आहे. तीत कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीस पात्र ठरून पीएच.डी. करणाऱ्यास, जानेवारी २०२३ पासूनच्या दराने, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे प्रगती समाधानकारक असल्यास ४२,००० रुपये मिळतात.

ही कामे शोधावी कशी? विभागाचा सूचनाफलक व विद्यापीठाचे संकेतस्थळ दर आठवड्यास पाहावे. ज्या प्राध्यापकांचा विषय आपल्या आवडीचा, त्यांचे एखादे लेखन आधी वाचावे आणि मग एका पानाचे पत्र पाठवावे. आपण काय शिकलो, कोणते काम हाताने येते, किती वेळ देऊ शकतो, एवढेच त्यात असावे. एकच मजकूर दहा जणांना धाडू नये. तो लगेच ओळखू येतो. उत्तर न आल्यास आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. विचारण्यात लाज कसली?

होकार मिळाला तरी घाई नको. नेमणूक किती महिन्यांची, वेतन किती व केव्हा, हे लेखी घ्यावे. संशोधनाचे वेतन कधी कधी महिनोन्महिने रखडते. तेवढ्या दिवसांची तजवीज हाताशी असावी. आणि नेमणूक करून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास त्याच्या दारी पुन्हा जाऊ नये.

प्रत्येकाला काम मिळेलच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु विचारपूस न करताच मुलीची पुस्तके माळ्यावर टाकली, असे आपल्या घरात घडू नये. निकालाच्या दिवशी वडिलांनी हिशेब जरूर मांडावा. त्यात मुलांच्या स्वतःच्या कष्टाची रक्कमही धरावी.