खेळ बनवण्याची हौस : सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी अटी वाचा

यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्यांवर गावोगावची मंडळी येतात. फड कोणता चांगला, हे तर पाहिले जातेच. पण सुपारी देण्यापूर्वी रक्कम आणि अटी पक्क्या केल्या जातात. संगणकावर खेळ म्हणजे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर निवडतानाही हीच रीत ठेवावी. दुकान, गॅरेज किंवा शिलाईकाम आटोपून रात्री तासभर संगणकावर बसणाऱ्या हौशी माणसाजवळ पैसा बेताचा असतो आणि वेळ त्याहून कमी. चार महिने शिकून अर्धा खेळ उभा राहावा आणि मग पुढचे काम वर्गणीवाचून अडावे, हे नुकसान मोठे आहे.

तुलनेसाठी एक साधा खेळ डोळ्यासमोर ठेवू. वरून टोमॅटो पडत आहेत आणि ते क्रेटमध्ये झेलायचे आहेत. 2023 च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांवर गेला होता. तसा भाव मध्येच उसळवला की खेळाला रंगत येईल.

घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे करायचे असेल तर ‘स्क्रॅच’ द्यावे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की चित्र हलू लागते. पैसे लागत नाहीत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. मात्र त्यातून थेट मोबाईलचे अ‍ॅप निघत नाही.

मोठ्या माणसाने सुरुवात ‘जीडेव्हलप’ने करावी, असे आमचे मत आहे. यात संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. एका बाजूला अट, दुसऱ्या बाजूला कृती. ‘टोमॅटो क्रेटला टेकला’ ही अट. ‘गुण एकने वाढव, टोमॅटो काढून टाक’ ही कृती. वहीत जमाखर्चाचे दोन रकाने मांडणाऱ्याला हे परके वाटणार नाही. ब्राउझरमध्येही चालत असल्याने साध्या संगणकावर भागते. फुकट योजनेत खेळ सुरू होताना त्यांची खूण दिसते आणि अँड्रॉइड अ‍ॅप बांधून घेण्याला मर्यादा आहे; वेबवर चालणारा खेळ मात्र विनाशुल्क काढता येतो. ‘कन्स्ट्रक्ट’चीही पद्धत जवळजवळ हीच आहे आणि ते वापरायला अधिक सफाईदार आहे. पण ते वर्गणीवर चालते, आणि वर्गणी थांबली की मोठ्या कामात बदल करता येत नाही. भाड्याच्या यंत्रावर घेतलेली ऑर्डर जशी, तसाच हा प्रकार.

‘गेममेकर’ जुने आणि खात्रीचे आहे. हॉलंडचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी 1999 मध्ये ते प्रथम काढले. 2023 च्या नोव्हेंबरपासून हौशी वापर मोफत आहे. खेळ विकायचा झाल्यास सुमारे शंभर डॉलरचा परवाना एकदाच घ्यावा लागतो. हा व्यवहार सरळ आहे.

अटींचे महत्त्व ‘युनिटी’ने शिकवले. हे नामांकित सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्या वापरतात. 2023 च्या सप्टेंबरमध्ये या कंपनीने जाहीर केले, की ठरावीक कमाई व संख्या ओलांडलेल्या खेळांवर प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे आकार घेतला जाईल. जगभर ओरड झाली, आणि वर्षभराने तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण मधल्या काळात कित्येकांनी ‘गोडो’कडे मोर्चा वळवला.

गोडो अर्जेंटिनाच्या दोघा प्रोग्रामरांनी तयार केले आणि 2014 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. खेळ विकला तरी त्यांना काही द्यावे लागत नाही. इन्स्टॉल करण्याची गरज नाही. फाइल पेन ड्राइव्हवर नेऊनही उघडता येते. मात्र थोडी भाषा शिकावीच लागते. टोमॅटोच्या खेळासाठी चार संध्याकाळी पुरणार नाहीत, चार आठवडे धरावेत. आमच्या वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट : 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात आणि उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दूही चालते. कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, पहिल्याच दिवशी ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘र्‍या’ लिहून पाहा. अक्षरे फुटली तर मराठी खेळ त्यात करू नये.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ हा खेळ 2020 मध्ये बाजारात आणला, तो ‘अनरियल’वर. त्यांनी 2017 मध्ये लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी जमली नव्हती. ते पूर्णवेळ पथकाचे काम. एकट्याने तिथून सुरुवात करू नये.

चित्रांसाठी मात्र विकतचे काही लागत नाही. फ्लेक्स आल्यावर ज्या पेंटरांच्या पाट्या गेल्या, त्यांचा हात अजून शाबूत आहे. कागदावर काढलेला टोमॅटो मोबाईलने टिपला तरी खेळात घालता येतो.

पैसे लावून खेळण्याच्या खेळांपासून दूर राहावे, हे वेगळे सांगायला नको. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला आहे. साधा खेळ ‘इच’ या संकेतस्थळावर फुकट ठेवता येतो. गूगलच्या प्ले स्टोअरवर नोंदणीला एकदाच पंचवीस डॉलर पडतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला निदान बारा जणांकडून सलग चौदा दिवस खेळाची चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण आळीतलेच धरावेत; गाळ्यावरचे शेजारी आणि त्यांची मुले मिळून संख्या भरते.